बारवेच्या भिंतीवरची दोन माणसे

नकाशात माणूस नसतो. विहीर असते, देऊळ असते, ओढा असतो, गाडीवाट तुटक रेघेने दाखवलेली असते. पण विहिरीवरून घागर घेऊन निघालेली बाई किंवा त्या वाटेने चाललेला गाडीवान नकाशात कुणी काढत नाही. मी नोकरीची सुरुवातीची वर्षे ट्रेसर म्हणून काढली. ट्रेसरचे काम म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कापड पसरायचे आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची. हात स्थिर हवा, नजर बारीक हवी आणि स्वतःचे डोके मध्ये घालायचे नाही. हे तिन्ही गुण माझ्यापाशी होते. पुढे खेड्यांच्या सुधारणेसाठी विकास गटाच्या कचेऱ्या निघाल्या आणि आमच्या भागातल्या कचेरीला एक चित्रकार हवा झाला, तेव्हा वरच्यांनी माझे नाव सुचवले. माझ्या कागदपत्रांत 'ड्रॉइंग' हा शब्द होता. त्यांना तेवढा पुरला.

जुन्नरला हजर झालो त्या दिवशी साहेबांनी विचारले, "ड्रॉइंग येतं ना तुम्हाला?"

"येतं साहेब. पण नकाशांचं."

"मग झालं तर. ज्याला डोंगर काढता येतो, त्याला माणूस काय अवघड आहे?"

"डोंगर हलत नाही साहेब," मी म्हणालो.

साहेब हसले. "माणूस तरी कागदावर आल्यावर कुठं हलतो?"

साहेब भले गृहस्थ होते आणि त्यांचे म्हणणे मला त्या वेळी पटलेसुद्धा. कागदावरचा माणूस हलला पाहिजे, नाहीतर तो माणूसच नव्हे, हे समजायला मला पुढे बराच काळ लागला. ते मला ज्यांनी समजावले त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा लेख. बाकी माझ्या नोकरीत सांगण्यासारखे फारसे नाही.

काम काय होते ते आधी सांगतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या गावांसाठी मोठ्या कागदांवर आणि भिंतींवर चित्रे काढायची: शेणखताचा खड्डा कसा भरावा, देवीची लस का टोचून घ्यावी, असले विषय. चित्राखाली चार ओळी लिहिता येत, पण ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांतले बहुतेक वाचणारे नव्हते. म्हणून साहेबांचा नियम असा की चित्र अक्षरांवाचून कळले पाहिजे. नियम अगदी योग्य होता. माझे पहिलेच खताच्या खड्ड्याचे चित्र घोडेगावच्या बाजारात लावले, तेव्हा दोन म्हाताऱ्या त्याच्यापुढे हळहळत उभ्या राहिल्या. "कुनाचा गडी पडला गं खड्ड्यात?" एकीने विचारले. माझा शेतकरी खत टाकायला वाकला होता.

हे हसण्यावारी गेले. नारूचे चित्र तसे जाण्यासारखे नव्हते.

नारू ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हा सुतासारखा लांब जंत. तो माणसाच्या कातडीखाली वाढतो आणि बहुतेक वेळा पायाला फोड आणून तिथून बाहेर निघू लागतो. त्या फोडाची आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात बुडवायला धावतो. पाण्यात पाय गेला की जंत आपली डोळ्यांना न दिसणारी पिल्ले पाण्यात सोडतो. तेच पाणी न गाळता कुणी प्याले की वर्षभराने त्याच्या पायाला नारू. निघालेला जंत काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजतो आणि माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो. हे सारे होते ते पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येते अशा विहिरीत, म्हणजे बारवेत. वरून पोहऱ्याने पाणी शेंदायच्या आडात कुणाचा पाय बुडत नाही, म्हणून तिथे नारू नाही.

अवसरी बुद्रुकच्या पुढे अशी एक बारव होती. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. एके काळी नारूचे गाव म्हणून तिथे सोयरीक करायला लोक कचरत, आता तसे राहिलेले नाही. दर उन्हाळ्यात, नांगरटीच्या ऐन दिवसांत, तिथली घरेच्या घरे पाय धरून बसत. बारवेच्या तोंडाशी एक चांगली उभी भिंत होती. तिच्यावर चित्र काढायचे असे ठरले.

मी पुस्तक उघडले. पूर्ण वाढलेला माणूस त्याच्या डोक्याच्या साडेसातपट उंच असतो असे त्यात होते. मी कंपास घेतला, फूटपट्टी घेतली आणि नकाशा बेतावा तसा माणूस बेतला. तो पायरीवर उभा, एक पाय पाण्यात, पायाला नारू. हे करू नये हे कळावे म्हणून त्याच्यावर तांबडी फुली मारली. मापात कुठे चूक नव्हती. कागद घेऊन मी त्या गावी गेलो आणि देवळापाशी जमलेल्या लोकांना विचारले, "यात काय दिसतं?"

एक जाणता माणूस पुढे झाला. "ह्या बारवंला औषिध मारल्यालं हाय. पानी आता चांगलं झालं, भ्यायचं कारन न्हाई."

"औषध कुठं दिसतं?" मी विचारले. त्याने तांबड्या फुलीवर बोट ठेवले. हिवतापाची फवारणी करणारी टोळी नुकतीच गावातून गेली होती. ज्या घराला औषध मारून झाले त्याच्या दारावर ते तांबडी खूण करून जात. माझी फुली त्यांनी तशीच वाचली होती.

"आणि हा माणूस?" मी विचारले.

"त्यो व्हय? लई निवांत हुबा हाय. नारूचा पाय पान्यात घातला की बरं वाटतंच की, राव."

म्हणजे ज्या गोष्टीपासून लोकांना परावृत्त करायचे, ती करून सुख मिळते आणि सरकारने पाणीही निर्धोक केले आहे, असे माझे चित्र सांगत होते. भिंतीवर जाण्याआधी दाखवले म्हणून बरे. मी कागदाची सुरळी केली आणि सायकलवर बसलो.

घरी आल्यावर सौभाग्यवतीला सगळे सांगितले. तिने चित्र पाहिले, मसाल्याच्या डब्यातल्या एका वाटीचे झाकण उचलले आणि माझ्या माणसाच्या तोंडावर ठेवले.

"आता सांगा, हा काय करतोय?"

"उभा आहे."

"कशासाठी उभा आहे?"

मी झाकण उचलायला गेलो, तर तिने माझा हात बाजूला केला.

ती म्हणाली, "अहो, शेजारच्या वहिनी पाठमोऱ्या असल्या तरी मला कळतं, आज त्यांचं घरात काही बिनसलंय. तोंड बघावं लागत नाही. तुमच्या माणसाचं सगळं तोंडावर. मानेखाली नुसता दांडा."

त्या दिवसापासून हा आमच्या घरचा नेम झाला. मी दिवसभरात काढलेली माणसे संध्याकाळी तिच्यापुढे ठेवायची, तिने तोंडावर झाकण ठेवायचे आणि काय चालले आहे ते सांगायचे. तिने चुकीचे सांगितले तर वाद घालायचा नाही. ते चित्र बाद. सुरुवातीला जवळजवळ सगळीच बाद होत. "हा कोण, फोटो काढायला उभा आहे का?" असे ती विचारी आणि ते खरेच असे. मी लोकांना थांबवून उभे करत असे. कागद-पेन्सिल पाहिली की माणूस टोपी नीट करतो, हात मांडीला चिकटवतो आणि श्वास धरून ठेवतो. असा माणूस काढून काय उपयोग?

मग न विचारता, माणूस हलायच्या आत काढायचे ठरवले. त्यासाठी जुन्नरचा आठवड्याचा बाजार उत्तम. बसायला जागा करीमचाचा मन्यार यांच्या बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर मिळाली. कागदाचा प्रश्न होता. कचेरीचा कागद सरावाला वापरणे मला प्रशस्त वाटेना. जुन्नरला पूर्वी हाताने कागद करणारी पुष्कळ घरे होती, त्यांतल्या उरलेल्या एकाकडून चाचांनी मला कडेच्या कातरणी मिळवून दिल्या. त्या जाड, खळ दिलेल्या कागदाचा एक गुण असा की त्यावर रबर चालत नाही; घासले की वरचा थर निघून भगदाड पडते. चुकलेली रेघ दुरुस्त करण्याची माझी जन्माची सवय त्या कागदाने मोडली. चुकले तर शेजारी दुसरा माणूस काढायचा.

चाचांचे वय साठीचे. मेंदीने रंगवलेली दाढी, नाकावर घसरलेला चष्मा. दिवसभर बायकांचे हात हातात घेऊन बांगड्या भरायच्या आणि तोंडाने अखंड बोलायचे. माझा कागद ते डोके वाकडे करून बघत.

"पेंटरसाब, ह्या मानसानं हातमोजे घातल्यात का?"

"का?"

"बोटं सगळी एका मापाची. केळीचा घड वाटतोय. अंगठा तर भाड्यानं आनल्यावानी बाजूला हुबा."

मग समोर बसलेल्या बाईचा हात तसाच धरून त्यांनी मला दाखवले. बांगडी चढवताना अंगठा तळव्यात मुडपतो, त्याबरोबर मनगट खाली जाते, कोपर बाहेर येते आणि खांदा उतरतो. अंगठ्यापासून खांद्यापर्यंत सगळे एका दोरीत ओवलेले.

ती बाई म्हणाली, "चाचा, माझा हात काय शाळंतला फळा हाय व्हय?"

"तुझ्या हातामुळं ह्या मानसाची नोकरी टिकंल, बेटी. पुन्य लागंल."

"पुन्याची एक बांगडी जास्तीची भरा मंग."

चाचांनी भरली. हे सगळे खरे असले तरी चाचांचे सगळेच खरे असे नव्हे. त्यांच्या शिकवणीने माझ्या चित्रातले सगळेच हात मऊ आणि सैल होऊ लागले. एकदा मी नांगर धरलेला शेतकरी काढून नेला, तर घरी झाकण ठेवल्यावर ही म्हणाली, "हा बांगड्या भरून घ्यायला बसलाय." चाचांना सांगितले तेव्हा ते थोडे रागावले आणि मग म्हणाले, "नांगराचा हात मी कवा धरला नाय बाबा. त्याला शेतात जा." तेव्हापासून मला उमगले की प्रत्येकाचे ऐकावे, पण त्याला जे माहीत आहे तेवढ्यापुरते.

ट्रेसरची जुनी विद्या मात्र एका ठिकाणी कामाला आली. बाजारात माणसे बघता बघता लक्षात आले की उभ्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून मनात एक ओळंबा सोडला, तर ज्या पायावर भार आहे त्या पायाच्या घोट्यापाशी तो पडतो. ओळंबा दोन्ही पायांच्या बाहेर गेला की माणूस पडत तरी असतो किंवा चालत तरी. गवंडी जसा भिंतीला ओळंबा लावतो तसा मी माणसांना लावू लागलो. डोक्यांची मापे सोडून दिली आणि ओळंबा धरला, तशी झाकणाखालची माणसे ओळखू येऊ लागली. एका संध्याकाळी हिने एकामागून एक कागद बघितले आणि म्हणाली, "हा मीठ घेऊन घासाघीस करतोय. ह्याला उशीर झालाय. ह्या म्हाताऱ्याला बसायचंय, पण जागा कुणी देत नाहीये." तिन्ही बरोबर होते. मग चहा टाकायला उठली. त्या चहाची चव मला अजून आठवते असे लिहिले तर ती हसेल, म्हणून लिहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्या गावी गेलो. या वेळी आधी चित्र न नेता नुसता बसून राहिलो आणि नारूच्या माणसांची चाल काढली. भिका म्हणून एक तिशीचा शेतकरी होता. डाव्या घोट्याला नारू, हातात बाभळीचा सोटा. पाऊल टेकताना त्याचा उजवा खांदा आधी वर जाई, मग सगळे अंग सोट्यावर लोंबे. मी त्याची चाल पुष्कळदा काढली. मग घरी बसून मोठ्या कागदावर रचना केली: भिकासारखा लंगडत पायऱ्या उतरणारा माणूस, त्याचा पाय पाण्यात आणि त्याच पाण्यात खालच्या पायरीवर घागर बुडवणारी बाई. फुली नाही, खूण नाही. हिने झाकण ठेवून पाहिले आणि म्हणाली, "ह्याला असह्य झालंय. पण त्या घागरीतलं पाणी मी पिणार नाही." साहेबांनाही चित्र आवडले. "आता माणूस हलला. ह्याच आठवड्यात भिंतीवर जाऊ द्या."

सवयीप्रमाणे मी आधी कागद गावात नेला. देवळापाशी उलगडला मात्र, पोरे ओरडली, "भिका हाय ह्यो! भिकादा!" बाप्ये हसले. खरेच तो भिका होता. तोंड मी निराळे काढले होते, पण खांदा, सोटा, कंबर सगळी त्याची. मला त्या क्षणी अभिमान वाटला हे कबूल करायला हरकत नाही. मग एकजण म्हणाला, "मंजी समद्यांचं पानी ह्यानं नासवलं म्हना की."

कुणी हसले नाही. भिका मागे उभा होता. गर्दीतून वाट काढत, सोट्यावर लोंबत तो घराकडे गेला. त्याच्या मागे कुणीतरी म्हणाले, "माझ्या पोरीच्या पायाला निगाला, त्यो बी ह्याच्यामुळंच आसंल."

आता पेच असा झाला. चित्र भिंतीवर गेले तर पाण्यापाशी येणारा प्रत्येकजण रोज भिकाकडे बोट दाखवणार. त्याला त्या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. चित्र गेले नाही तर पाय बुडतच राहणार आणि त्या पोरीसारखी आणखी पोरे लंगडणार. साहेबांनी आठवडा दिला होता.

मी भिकाच्या घरी गेलो. तो आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची बायको तानूबाई दारात उभी राहिली, मला आत बोलावले नाही.

"भाऊ, तुमी त्याला दोन दिस रस्त्यानं काढत बसलात. आमाला वाटलं, सरकार पायाला औषिध देनार."

"मला त्याची बदनामी करायची नव्हती, बाई."

"पाय बुडवायला काय हौस हाय व्हय? आग हुती. तुमच्या कागदात आग दिसत न्हाई, निस्तं पाप दिसतंय."

मी म्हणालो, "ते चित्र भिंतीवर जाणार नाही." तिथल्या तिथे असे सांगण्याचा अधिकार मला नव्हता, पण सांगून टाकले. "पण मग लोकांनी पाय बुडवू नये हे सांगायचं कसं, ते तुम्हीच सांगा."

आत भिका कण्हला. तिने कोपऱ्यातली घागर कमरेवर घेतली, त्याला आधार देऊन अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसवले आणि तांब्याने त्याच्या घोट्यावर बारीक धार धरली. भिकाचे खांदे हळूहळू खाली आले. मान मागे गेली. डोळे मिटले.

"मला वेळ व्हतो तवा मी आसं करते," ती म्हणाली. "न्हाईतर जातो त्यो बारवंवर. पायाला पानी पायजे भाऊ, पान्याला पाय न्हाई."

मी पिशवीतून कातरण काढली, मग थांबलो आणि भिकाला विचारले, "हे काढू का?"

त्याने डोळे उघडून बायकोकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "ह्ये काढा. ह्यात लाज न्हाई." आणि पुन्हा डोळे मिटत म्हणाला, "वळखू आलो तरी चालंल."

चित्र बदलायला साहेबांनी एका शब्दानेही खळखळ केली नाही. त्यांनी एवढेच विचारले, "ज्याला बायको नाही, त्यानं काय करायचं?" हाच प्रश्न गावातही निघाला. एक बिनलग्नाचा तरणा गडी म्हणाला, "मला बी नारू हाय. माझी तानूबाई कुटं हाय?" सगळे हसले, पण पाटलांनी ते मनावर घेतले. ठरले असे की बारवेच्या तोंडाशी एक मोठा दगड टाकायचा. नारूच्या माणसाने खाली न उतरता त्यावर बसायचे आणि त्या वेळी पाण्यावर जो कुणी असेल त्याने, मग तो कोणीही असो, त्याच्या पायावर पाणी घालायचे. धोवण बारवेकडे न जाता शेताकडे जावे म्हणून चर खणला.

भिंत मी चुना, गेरू आणि काजळीने रंगवली. बसलेला भिका जमला. त्याला मी पुरेसा पाहिला होता. तांब्या धरलेला हात जमेना. भिंतीवर माणूस जवळजवळ खऱ्याएवढा असतो, तिथे लहान चूकही कोसावरून दिसते. खाली प्रेक्षक जमलेलेच असत. "तांब्या हातातनं निसटंल," एकजण म्हणे. "बाई जोर लावून पानी फेकतीया, जनू कुत्रं हाकलतीया," दुसरा म्हणे. तानूबाई येऊन बघून गेली आणि म्हणाली, "मी येवढी जाड न्हाई." ते मी लगेच दुरुस्त केले. हातासाठी मी रजा घेऊन जुन्नरला गेलो.

चाचांनी स्वतः तांब्या उचलून दाखवला नाही. त्यांनी आपल्या सुनेला हाक मारली, पडद्याआडून तिचा फक्त हात बाहेर आला आणि त्या हाताने दुकानाच्या पायरीवर पाणी ओतले. चाचा म्हणाले, "बघ, वजन तळाला हाय. करंगळी तळाखाली जाती. आनि ज्याला दुखतंय त्याच्यावर पानी घालताना हात जवळ जातो, लांबून घालत न्हाईत." मी तो हात पुन्हा पुन्हा काढला. ती न कंटाळता ओतत राहिली. तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही, पण त्या गावच्या भिंतीवर तानूबाईच्या खांद्याला तिचा हात आहे. दोघींचेही माझ्यावर उपकार आहेत. चाचांना एकदा ती भिंत दाखवायला न्यायचे माझ्या मनात होते. "येतो, येतो, ईद झाली की येतो," असे ते म्हणत. ते राहून गेले. नंतर त्यांना प्रवास झेपण्यासारखा राहिला नाही आणि मग तेच राहिले नाहीत. एवढी एक खंत आहे.

चित्रामुळे त्या गावचा नारू गेला असे मी म्हणणार नाही. पुढे पायऱ्या बुजवून रहाट बसवला, लोक पाणी दुपदरी फडक्याने गाळू लागले, त्याचे श्रेय ज्याचे त्याला. चित्राचे काम किती, हे मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते सांगायला मी कचरतो. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली, ती सांगतो.

रहाट बसायच्या आधीच्या चैत्रातली ही गोष्ट. पावसाने फिकट झालेला रंग पुन्हा द्यायला मी गेलो होतो. दुपारची वेळ, बारवेवर कुणी नाही. पूर्वेकडून भीमाशंकरला निघालेली चार-पाच माणसांची यात्रा वाटेने आली. त्यांतला एक म्हातारा मागे पडला होता. पायाला चिंध्या, चालताना खांदा वर जाई, मग अंग काठीवर लोंबे. पाणी दिसताच तो पायऱ्यांकडे वळला. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. खोटे कशाला सांगू, मला बघायचे होते.

पहिल्या पायरीपाशी तो थांबला. भिंतीकडे पाहिले. बसलेल्या माणसाकडे पाहिले, त्याच्या घोट्याकडे पाहिले, मग भिंतीखालच्या दगडाकडे. सावकाश मागे फिरला, दगडावर बसला, चिंध्या सोडल्या आणि पाय पुढे केला. मग इकडेतिकडे बघत त्याने मला विचारले, "व्हय वो पावनं, पानी कोन घालतं हितं?"

मी ब्रश ठेवला, दगडापाशी गावाने ठेवलेली घागर भरून आणली आणि त्याच्यापाशी उकिडवा बसलो. तांब्यातून धार धरली. त्याने दात आवळले.

"जरा हळू," तो म्हणाला, आणि काठीने भिंतीवरच्या बाईकडे बोट केले. "तिनं कसं धरलंय बघा. तसं धरा."

मी करंगळी तांब्याच्या तळाखाली नेली आणि हात जवळ घेतला.